तारेवरची साक्ष

मोटार प्रथम रस्त्यावर आली तेव्हां तिच्यांत विजेचें काम इतकें थोडें होतें कीं, त्याची परीक्षा करण्यास कोणा विद्वानाची गरज पडत नसे. स्टुटगार्ट येथील रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यानें १८९७ सालीं इंजिनांत ठिणगी पाडणारें मॅग्नेटो नांवाचें यंत्र एका वाहनास बसविलें. १९०२ सालीं त्याच कारखान्यांतील गॉटलोब होनोल्ड यानें त्यास उच्च दाबाची जोड दिली. आणि १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीस चार्ल्स केटरिंग यानें विजेचा स्टार्टर दिल्यापासून मोटारीपुढें उभें राहून हॅण्डल फिरविण्याचे, व तें उलट फिरून मनगट मोडून घेण्याचे, दिवस सरत चालले. बॅटरी, डायनामो, दिवे, भोंगा आणि ठिणगी, एवढाच काय तो विजेचा संसार. त्यांत कोठें बिघाड झाला तर मिस्त्री एक लहानसा दिवा आणि तारेचा तुकडा घेऊन बसे. दिवा लागला तर तार शाबूत, न लागला तर तुटलेली. बाकीचें काम कान करी. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून कोणत्या सिलिंडरांत ठिणगी पडत नाहीं हें सांगणारे मिस्त्री गांवोगांवच्या गॅरेजांत होते, आणि त्यांचें निदान सहसा चुकत नसे.

या सुखाच्या व्यवस्थेस धक्का बसला तो कॅलिफोर्नियाच्या हवेमुळें. लॉस एंजेलिस शहरावर दिवसाढवळ्या पसरणारें आणि डोळ्यांस झोंबणारें तपकिरी धुकें हें मोटारींच्या धुरावर उन्हाची क्रिया होऊन बनतें, असें आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञानें १९५० नंतरच्या थोड्याच वर्षांत प्रयोगानें दाखवून दिलें. मग कायदे कडक होत गेले, आणि पेट्रोल अगदीं मोजून-मापून देण्याची पाळी आली. बॉश कंपनीनें १९६७ सालीं अमेरिकेंत जाणाऱ्या फोक्सवॅगन १६०० मोटारीस ट्रान्झिस्टरांनीं भरलेली एक पेटी बसविली. कार्बुरेटर गेला; हवेचा दाब आणि इंजिनाची उष्णता पाहून पेट्रोल किती सोडावयाचें तें ही पेटी ठरवूं लागली.

पेटी हुशार होती, पण मुकी होती. कान लावून कांहीं कळेना; आणि जुना परीक्षेचा दिवा लावावा तर त्याच्या प्रवाहानेंच आंतील नाजूक भाग जळण्याचें भय. म्हणून १९७१ सालापासून फोक्सवॅगननें आपल्या मोटारींत एक मध्यवर्ती खोबण ठेवण्यास आरंभ केला. कार्यशाळेंतील संगणकाची तार त्या खोबणींत घातली म्हणजे बॅटरी, दिवे, ठिणगी वगैरेंचीं मापें कागदावर छापून येत. मोटारीनें आपली प्रकृति स्वतः सांगावी आणि परीक्षकानें ती तारेवरून ऐकावी, ही पुढील साऱ्या इतिहासाची कल्पना त्या ओबडधोबड खोबणींत स्पष्ट दिसते.

तथापि खरी अडचण निराळीच होती, आणि ती वेळेची होती. समजा, मोटारीचें इंजिन चालू आहे, आल्टर्नेटर बॅटरींत वीज भरीत आहे, आणि नेमक्या त्याच क्षणीं बॅटरीची तार सैल होऊन निसटली. जाण्याची वाट बंद झाल्यामुळें आल्टर्नेटरचा सारा जोर मोटारीच्या इतर तारांवर येतो. बारा व्होल्टांच्या मोटारींत हा दाब, त्यास आळा घातलेला नसल्यास, शंभर व्होल्टांच्या आसपास चढूं शकतो. आणि हा सारा प्रकार फार तर अर्ध्या सेकंदाच्या आंत उरकतो. काट्याच्या व्होल्टमीटरकडे पाहणाऱ्या माणसास काटा हललेला दिसेल, याहून अधिक कांहीं कळणार नाहीं. दाब किती चढला, त्या वेळीं प्रवाह किती होता, पेटींतील उष्णता किती होती, आणि मुख्य म्हणजे त्या अर्ध्या सेकंदांत पेटीनें ब्रेकाविषयीं अथवा पेट्रोलाविषयीं कोणता निर्णय घेतला, हें सर्व एकाच वेळीं टिपलें पाहिजे. एका उपकरणाचें हें काम नव्हे. आणि चार उपकरणें चार माणसांनीं वाचून चार वह्यांत टिपून ठेवलीं, तर त्या चार वह्यांचा मेळ कोण घालणार?

हा मेळ घालण्याचा प्रयत्न मोटारींच्या कारखान्यांत सुरू झाला नाहीं. कॅलिफोर्नियांतील पालो आल्टो गांवीं १९३९ सालीं निघालेली हेवलेट-पॅकार्ड कंपनी मापनाचीं उपकरणें करीत असे. तिनें १९६६ सालीं आपला पहिला संगणक काढला, तोहि हिशेबासाठीं नव्हे, तर आपल्याच उपकरणांवर देखरेख करण्यासाठीं. परंतु प्रत्येक उपकरणास त्या संगणकाशीं जोडण्याकरितां निराळें कार्ड आणि निराळी तार लागे. दहा उपकरणें म्हणजे दहा भाषा आणि दहा दुभाषे. तेव्हां कंपनीच्या इंजिनियरांनीं सर्वांस समान अशी एक जोडणी तयार केली, आणि १९७५ सालीं अमेरिकेंतील विद्युत् व इलेक्ट्रॉनिक इंजिनियरांच्या संस्थेनें, म्हणजे आय-ट्रिपल-ईनें, तिला ४८८ हा क्रमांक देऊन सर्वमान्य केलें. मग प्रतिस्पर्धी कंपन्यांनींहि ती उचलली. स्वतःच्या घरची युक्ति शेजाऱ्यास वापरूं द्यावी, आणि तिचा लाभ सर्वांस व्हावा, अशीं उदाहरणें व्यापारांत फार नाहींत.

या जोडणीची रचना मोठी मनोवेधक आहे. तिच्यांत प्रत्येक यंत्रास तीन भूमिका ठरवून दिल्या आहेत: बोलणारा, ऐकणारा आणि नियंता. एका वेळीं बोलणारा एकच, ऐकणारे अनेक, आणि कोणी केव्हां बोलावें हें नियंता ठरवील. एकंदर सोळा तारा कामाच्या. त्यांपैकीं आठ मजकुराच्या, पांच व्यवस्थेच्या आणि तीन देवघेवीच्या. या तीन तारांवरचा संकेत असा कीं, सर्व ऐकणाऱ्यांनीं एक शब्द पदरांत पडल्याची खूण दिल्याखेरीज बोलणारानें दुसरा शब्द उच्चारूं नये. पंगतींत सर्वांत सावकाश जेवणाऱ्याचें पान रिकामें होईपर्यंत वाढपी जसा पुढचा पदार्थ आणीत नाहीं, तसेंच हें आहे. मंद यंत्रामुळें सारें काम मंदावतें खरें, पण कोणीहि उपाशी राहत नाहीं. एका तारेवर नियंत्यासह पंधरा यंत्रें बसवितां येत, आणि तारेची सारी लांबी वीस मीटरांहून अधिक चालत नसे.

तार समान झाली तरी तिच्यावरचे शब्द समान झाले नव्हते. एका कंपनीच्या व्होल्टमीटरास दाब विचारावयाचा तर एक शब्द, दुसरीच्या यंत्रास दुसरा. ही उणीव भरून निघण्यास आणखी पंधरा वर्षें लागलीं. १९९० सालीं सर्व कंपन्यांनीं मिळून आज्ञांची एक समान शब्दावली ठरविली. परंतु त्याआधीं, १९८७ सालीं, त्या जोडणीच्या दुसऱ्या भागांत एक लहानसा नियम घालण्यांत आला होता, आणि त्याचें महत्त्व त्या वेळीं फारसें कोणास जाणवलें नसावें. नियम असा कीं, ‘तूं कोण?’ असें विचारतांच प्रत्येक यंत्रानें आपल्या कर्त्याचें नांव, आपला नमुना, आपला अनुक्रमांक आणि आपल्या पोटांतील आज्ञावलीची आवृत्ति हीं चारहि सांगितलीं पाहिजेत. वर्गांत हजेरी घ्यावी त्याप्रमाणें परीक्षेच्या आरंभीं नियंता एकेकास हाक मारतो, आणि ज्याची ओळख पटत नाहीं त्याची साक्ष घेत नाहीं.

इकडे मोटारीच्या पोटांत निराळेंच घडत होतें. पेट्रोलाच्या पेटीमागून १९७८ सालीं मर्सिडीझच्या मोटारींत चाकें घसरूं न देणाऱ्या ब्रेकाची पेटी आली. मग गिअरची, मग हवेच्या उशीची. प्रत्येक पेटीस दुसरीकडून कांहींतरी कळावयास हवें असे, आणि प्रत्येक वार्तेसाठीं एक स्वतंत्र तार ओढावी लागे. मोठ्या मोटारींतील तारांची लांबी किलोमीटरांत मोजण्याइतकी वाढली, आणि जितकीं टोकें तितक्या बिघाडाच्या जागा. तेव्हां बॉश कंपनींत १९८३ सालापासून ऊवे कीन्के आणि त्यांचे सहकारी अशा एका व्यवस्थेच्या मागें लागले कीं, जींत दोनच तारांवर साऱ्या पेट्या एकमेकींशीं बोलतील. फेब्रुवारी १९८६ मध्यें अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरीं मोटार-इंजिनियरांच्या परिषदेंत कीन्के, झीगफ्रीड डाइस आणि मार्टिन लिचेल यांची ही व्यवस्था जगापुढें आली. तिला संक्षेपानें ‘कॅन’ म्हणतात. पुढच्याच वर्षीं इंटेलनें तिची चिप काढली, १९९० नंतर लवकरच मर्सिडीझच्या मोठ्या मोटारींत ती धांवूं लागली, आणि १९९३ सालीं तिला आंतरराष्ट्रीय प्रमाण लाभलें.

कॅनमध्यें नियंता नाहीं. कोणीहि केव्हांहि बोलावें. मग दोघें एकदम बोलूं लागलीं तर? येथें या योजनेची खरी करामत आहे. प्रत्येक वार्तेच्या आरंभीं एक क्रमांक असतो, आणि तो शून्य व एक या दोन चिन्हांनीं, एकामागून एक, तारेवर उच्चारला जातो. उच्चारणारी पेटी त्याच वेळीं तार ऐकतहि असते. तारेचा गुण असा ठेवला आहे कीं, एकानें ‘शून्य’ म्हटलें आणि दुसऱ्यानें ‘एक’ म्हटलें तर तारेवर शून्यच ऐकूं येतें. आपण ‘एक’ म्हटलें आणि ऐकूं मात्र शून्य आलें, असें ज्या पेटीस आढळेल तिनें तात्काळ गप्प बसावें. अर्थात् ज्या वार्तेचा क्रमांक लहान तिचाच मान पहिला. आणि मौज ही कीं, या चढाओढींत तिचें एकहि अक्षर बिघडत नाहीं, ना एक क्षण फुकट जातो. ब्रेकाची वार्ता लहान क्रमांकाची ठेवावी, खिडकीच्या कांचेची मोठ्या क्रमांकाची, म्हणजे झालें. शिवाय जी पेटी वारंवार चुका करते ती मोजून-मापून आपण होऊनच सभेंतून उठून जाते. माणसांच्या सभांत हा नियम अजून आलेला नाहीं.

मात्र एक गोष्ट या योजनाकारांनीं ठेवली नाहीं. वार्तेवर विषयाचा क्रमांक असतो, बोलणाराचें नांव नसतें. ‘इंजिनाचे फेरे इतके’ एवढें ऐकूं येतें; तें कोण म्हणालें हें कोणी विचारीत नाहीं. मोटारीच्या बंद पोटांत साऱ्या पेट्या एकाच कारखान्याच्या हातून बसलेल्या, तेथें परका येणार कोठून, असा विचार त्या काळीं अगदीं स्वाभाविक होता. प्रयोगशाळेच्या टेबलावर प्रत्येकास ‘तूं कोण?’ असें विचारलें जात होतें. मोटारींत तें विचारण्याची सोयच नव्हती.

परीक्षकास मात्र या तारेनें मोठा लाभ झाला. पूर्वीं पेटी मुकी होती; आतां ती तारेवर अखंड बोलत होती, आणि परीक्षकानें नुसतें ऐकावयाचें होतें. कॅलिफोर्निया सरकारनें १९८८ पासून, आणि सबंध अमेरिकेनें १९९६ पासून, प्रत्येक नव्या मोटारीनें आपल्या धुराच्या यंत्रणेंतील बिघाड स्वतः ओळखून सांगितला पाहिजे असें ठरविलें. १९९६ च्या नियमानें त्यासाठीं सोळा टोकांची एकच खोबणहि नेमून दिली. २००८ पासून त्या खोबणींत कॅनचीच भाषा सक्तीची झाली. हिंदुस्थानांत ही व्यवस्था २०१० आणि २०१३ अशा दोन टप्प्यांनीं आली. आज कोणत्याहि शहरांतील गॅरेजांत मिस्त्री स्टिअरिंगखालीं वांकून जी पेटी लावतो, ती याच खोबणींत.

आतां पुन्हां उपकरणांकडे वळावें. वीस मीटरांची तार नव्या मोटारींच्या परीक्षेस अपुरी पडूं लागली. इंजिनाजवळ बसणारी पेटी शून्याखालीं ४० अंशांपासून १२५ अंशांपर्यंत टिकली पाहिजे. ही परीक्षा बंद कोठडींत चालते आणि तेथें माणूस बसूं शकत नाहीं. रेडिओलहरींचा मारा करून ब्रेकाची पेटी बिथरते कीं काय हें ज्या खोलींत पाहतात, तेथें तर माणूसहि नको आणि शक्य तर तांब्याची लांब तारहि नको. काचतंतूंतून प्रकाशानें निरोप आणावे लागतात. तेव्हां उपकरण भिंतीपलीकडे आणि माणूस अलीकडे, अशी वांटणी झाली. याच सुमारास कचेऱ्यांतले संगणक जोडणारी इथरनेट नांवाची तार सर्वत्र पसरलेली होती. तिची कल्पना रॉबर्ट मेटकाफ यांनीं १९७३ सालीं, योगायोगानें त्याच पालो आल्टो गांवीं, झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेंत लिहून काढली होती. ती स्वस्त होती, शंभर मीटर सहज जात होती, आणि मधल्या ठाण्यांवरून कितीहि दूर नेतां येत होती. हेवलेट-पॅकार्डच्या मापनविभागांतून १९९९ सालीं अॅजिलेंट ही कंपनी निराळी झाली होती. तिनें व व्हीएक्सआय टेक्नॉलॉजी या कंपनीनें २००४ सालीं पुढाकार घेऊन एक मंडळ स्थापन केलें, आणि पुढच्याच वर्षीं इथरनेटवरच्या उपकरणांचें प्रमाण प्रसिद्ध झालें. त्यास ‘एलएक्सआय’ म्हणतात.

या नव्या तारेंत एक जुना गुण हरवत होता. जुन्या जोडणींत नियंता ‘चला’ म्हणाला कीं साऱ्या यंत्रांस तें एकदम ऐकूं येई. इथरनेटवर निरोप टपालासारखे जातात. कोणाचें पत्र आधीं पोंचेल, कोणाचें वाटेंत खोळंबेल. मग अर्ध्या सेकंदांतला तो दाबाचा उसळा चार यंत्रांनीं एकाच वेळीं कसा टिपावा? यावरचा तोडगा अॅजिलेंटच्याच प्रयोगशाळेंतील जॉन आयडसन यांच्या परिश्रमानें २००२ सालीं १५८८ या क्रमांकाचें प्रमाण होऊन बाहेर आला होता. ‘एकदम सुरू करा’ अशी आज्ञा देण्याऐवजीं साऱ्यांचीं घड्याळें आधीं एक करावीं, आणि मग ‘अमुक वाजतां सुरू करा’ असें सांगावें, ही त्यांतली युक्ति. मुख्य घड्याळ आपली वेळ लिहून पाठवितें. दुय्यम घड्याळ उलट टपालीं आपला निरोप धाडतें. जाण्यायेण्यास एकंदर किती वेळ लागला तो पाहून त्याचा निम्मा वाटेचा धरावयाचा आणि तेवढा फरक दुरुस्त करावयाचा. जातांना व येतांना वाट सारखीच आहे, हें यांत गृहीत आहे. एवढ्या साध्या त्रैराशिकानें घड्याळें सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या आंत जुळतात. शिवाय प्रत्येक माप आपल्या वेळेचा शिक्का घेऊन येतें, त्यामुळें तें उशिरा पोंचलें तरी बिघडत नाहीं. चार वह्यांचा मेळ अखेर बसला.

याच काळांत परीक्षकांनीं आणखी एक विद्या हस्तगत केली, आणि ती चमत्कारिक आहे. ब्रेकाची पेटी तपासावयाची तर प्रत्येक वेळीं मोटार निसरड्या रस्त्यावर नेऊन जीव धोक्यांत कशाला घालावा? पेटी टेबलावर ठेवावी, आणि चाकें, रस्ता, बर्फ यांचें सारें सोंग संगणकानें तिच्या तारांवर वठवावें. पेटीस वाटतें आपण मोटारींत आहोंत; वस्तुतः ती एका खोलींत निश्चळ पडलेली असते. जर्मनींतील पाडरबॉर्न येथें १९८८ सालीं निघालेल्या डीस्पेस या कंपनीचा या कामांत मोठा लौकिक आहे. परीक्षकानें पेटीस फसविण्याचा हा प्रकार सर्वस्वीं प्रामाणिक आणि उपयोगी. पेटीहि उलट परीक्षकास फसवूं शकेल, ही गोष्ट मात्र फार थोड्यांच्या ध्यानीं आली.

तसें घडण्याचें साधन अगदीं निरागसपणें मोटारींत आलेलें होतें. बॉश व मर्सिडीझ यांनीं १९९५ सालीं वळणावर मोटार सटकूं न देणारी यंत्रणा आणली. तिला चालकाच्या मनांतील दिशा कळावी म्हणून स्टिअरिंगच्या दांड्यावर कोन मोजणारें साधन बसवीत, आणि तें आपला कोन मोटारीच्या तारेवर सतत जाहीर करी. तारेवर जें एकास ऐकूं येतें तें सर्वांस ऐकूं येतें. इंजिनाची पेटीहि ऐकत होती. आतां धुराची सरकारी परीक्षा होते ती खोलींत. मोटारीचीं चालतीं चाकें रुळांवर ठेवतात, ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणें वेग कमीअधिक करतात, आणि धूर पिशव्यांत भरून तपासतात. अशा वेळीं चाकें तर गरगर फिरतात, पण स्टिअरिंग हलत नाहीं. रस्त्यावर असें कधींहि होत नाहीं.

अमेरिकेंतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या डॅन कार्डर यांच्या हाताखालील लहानशा तुकडीनें २०१३ सालीं तीन डिझेल मोटारी रस्त्यावर तपासावयास घेतल्या. त्या तुकडींत अरविंद तिरुवेंगडम् आणि हेमंत कप्पण्णा हे दोघे भारतीय होते. काम त्यांस एका स्वच्छ-वाहतूक संस्थेनें दिलें होतें, आणि अपेक्षा अशी होती कीं, अमेरिकन नियमांत बसणाऱ्या या मोटारी किती स्वच्छ आहेत तें युरोपास दाखवावें. त्यांनीं धूर मोजण्याचें फिरतें उपकरण मोटारीच्या मागें बसविलें. त्या उपकरणांत वायूचें पृथक्करण करणारा भाग, धुराचा प्रवाह मोजणारी नळी, हवामानाचीं साधनें, उपग्रहावरून ठिकाण सांगणारें यंत्र आणि मोटारीच्या खोबणींतून येणाऱ्या वार्ता हीं सर्व एका नोंदणी-संगणकास जोडलेलीं असतात. येथेंहि घड्याळाचाच प्रश्न. धूर नळीतून पृथक्करण-यंत्रापर्यंत येण्यास कांहीं सेकंद लागतात, तर इंजिनाचे फेरे त्याच क्षणीं कळतात. तेवढा उशीर वजा करून दोन्ही नोंदी एकमेकींवर बसविल्या नाहींत, तर चढावरचा धूर उतारावर मांडला जाईल आणि सारें गणित खोटें ठरेल.

हें गणित त्यांनीं नीट केलें. फोक्सवॅगनच्या जेट्टा मोटारीच्या धुरांत नायट्रोजनचीं ऑक्साइडें नियमाच्या पंधरा ते पस्तीस पट निघालीं. पसाट मोटारीच्या, पांच ते वीस पट. पसाट तर त्यांनीं लॉस एंजेलिसहून सिॲटलपर्यंत आणि परत, जवळजवळ चार हजार किलोमीटर हांकली. तिसरी मोटार बीएमडब्ल्यू कंपनीची. ती बहुतेक ठिकाणीं नियमांत राहिली, म्हणून उपकरणाचा दोष असावा हा संशय फिटला. याच दोन फोक्सवॅगन कॅलिफोर्निया सरकारच्या खोलींत रुळांवर चढविल्या तेव्हां निर्दोष ठरल्या होत्या. एकच मोटार, एकच इंजिन, आणि साक्षी दोन.

अहवाल मे २०१४ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यानंतर सव्वा वर्ष कंपनी निरनिराळीं कारणें सांगत राहिली, आणि कॅलिफोर्नियाचे अधिकारी पुन्हां पुन्हां परीक्षा घेत राहिले. अखेर १८ सप्टेंबर २०१५ रोजीं अमेरिकेच्या पर्यावरण-खात्यानें नोटीस काढली. इंजिनाच्या पेटींतील आज्ञावली स्टिअरिंगची स्थिति, मोटारीचा वेग, इंजिन किती वेळ चालू आहे तें, आणि हवेचा दाब यांवरून परीक्षा चालू असल्याचें ओळखते. तेवढ्यापुरती धुराची शुद्धि पूर्ण चालविते, आणि रस्त्यावर येतांच ती ढिली सोडते, असें तींत म्हटलें होतें. अशी आज्ञावली जगभरांतील सुमारें एक कोटि दहा लाख मोटारींत असल्याचें कंपनीनें त्याच महिन्यांत मान्य केलें. मार्च २०१७ मध्यें तिनें न्यायालयांत गुन्हा कबूल केला तो डेट्रॉइट शहरीं, जेथें एकतीस वर्षांपूर्वीं त्या दोन तारांची व्यवस्था इंजिनियरांपुढें प्रथम मांडली गेली होती. परीक्षकास मोटारीचें बोलणें ऐकूं यावें म्हणून जी तार उपयोगी पडली, त्याच तारेवरून मोटारीस परीक्षकाची चाहूल लागली होती.

याचा धागा पुण्यापर्यंत येतो. वेताळ टेकडीवरील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, ही १९६६ सालीं स्थापन झालेली संस्था, मोटारींस सरकारी मान्यतेची परीक्षा देववीत असते. अमेरिकेंतील प्रकरण फुटल्यावर केंद्र सरकारनें तिला फोक्सवॅगनच्या डिझेल मोटारी तपासण्यास सांगितलें. रस्त्यावर त्यांच्या धुरांतील नायट्रोजनचीं ऑक्साइडें भारत-४ नियमाच्या १.१ ते २.६ पट भरलीं. येथें नियम मोडला असें कंपनीनें मान्य केलें नाहीं. तथापि डिसेंबर २०१५ मध्यें ३,२३,७०० मोटारी दुरुस्तीस परत बोलाविण्याचें तिनें जाहीर केलें. युरोपानें सप्टेंबर २०१७ पासून, आणि भारतानें १ एप्रिल २०२३ पासून, नव्या मोटारींस रस्त्यावरचीहि परीक्षा लावली. खोलींतली परीक्षा रद्द झाली नाहीं, आणि होऊंहि नये. कारण ठरावीक उष्णतेंत, ठरावीक वेगानें, पुन्हां पुन्हां तेंच माप घेण्याची सोय रस्त्यावर कधींच असणार नाहीं.

त्याच २०१५ सालच्या जुलै महिन्यांत कॅनच्या दुसऱ्या उणिवेचें माप पदरांत पडलें. चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोघां संशोधकांनीं सेंट लुईस शहराजवळ धांवत असलेल्या एका जीप मोटारीच्या तारेंत, तिच्या रेडिओला असलेल्या मोबाईल-जोडणीवरून, घरीं बसून प्रवेश मिळविला, आणि मुख्य रस्त्यावर तिचें इंजिन निकामी करून दाखविलें. चालकास याची पूर्वकल्पना होती, तरी त्याची घाबरगुंडी उडालीच. तारेवर ‘तूं कोण?’ असें विचारणारें कोणी नसल्यामुळें मोटारीच्या पेट्यांनीं परक्याची आज्ञा घरच्या माणसाची समजून पाळली. फियाट-क्रायस्लर कंपनीस चौदा लाख मोटारी परत बोलवाव्या लागल्या.

२०१८ च्या नमुन्यांपासून त्या कंपनीनें खोबण आणि आंतली तार यांच्या मध्यें एक फाटक बसविण्यास आरंभ केला. उपकरणानें नुसतें ऐकावें, यास फाटक हरकत घेत नाहीं. पण कांहीं आज्ञा द्यावयाची असल्यास त्यानें कंपनीची मान्यता असलेली खूण आधीं दाखविली पाहिजे. इतर कंपन्यांनींहि अशींच फाटकें बसविलीं. हें संरक्षण हवेंच होतें, यांत शंका नाहीं. परंतु फाटकाची किल्ली कोणाकडे असावी हा तंटा त्यांतून उभा राहिला. रस्त्याच्या कडेचा मिस्त्री, ज्यानें दिव्यापासून खोबणीपर्यंत प्रत्येक नवें साधन शिकून घेतलें, त्यास आतां ब्रेकाची पेटी बदलल्यावर तिची ओळख मोटारीस करून देण्यासाठींहि कंपनीची परवानगी लागूं लागली. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांत नोव्हेंबर २०२० मध्यें हा प्रश्न मतदानास गेला. मोटारीनें बिनतारी मार्गानें कंपनीस कळविलेल्या वार्ता मालकास, आणि त्याच्या संमतीनें त्याच्या मिस्त्र्यास, मिळाल्या पाहिजेत असा कौल सुमारें तीन-चतुर्थांश मतदारांनीं दिला. मोटार-उत्पादकांच्या संघटनेनें त्याच महिन्यांत त्या कायद्याविरुद्ध बोस्टनच्या न्यायालयांत दावा लावला.